आधी पाणी, मग राक्षस: टेबलटॉप साहसासाठी दलदल कशी उभी करावी

आमच्या घरामागे एक बोडी, म्हणजे लहान तलाव, आहे. पावसाळ्यात ती भरते, दिवाळीपर्यंत कमळांनी झाकली जाते आणि होळीनंतर तिचा अर्धा भाग नुसता गारा होतो. लहानपणी त्या गाऱ्यात पहिल्यांदा पाय रुतला, ती आठवण माझ्या पावलाला अजून आहे. वरचं वीतभर पाणी उन्हानं कोमट झालेलं, त्याखालचा गाळ थंडगार. पाय आत गेला तसे पोटरीला घासत बुडबुडे वर आले आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटला. मी घाबरून पाय जोरात उपसला, तर चप्पल आतच राहिली आणि दुसरा पाय आणखी खोल गेला. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जाळं विणत बसलेले काका ओरडले, "पोरी, उपसू नोको! टाच हलव आधी. पानी आत जाऊ दे, मंग हळू काढ."

आज मी भाच्यांना आणि त्यांच्या मित्रांना घेऊन टेबलटॉप खेळ चालवते: टेबलाभोवती बसून मी गोष्ट सांगते, प्रत्येक जण आपलं पात्र काय करतं ते ठरवतो, आणि जमलं की नाही ते फासा सांगतो. दलदल आली की मला त्या दिवशीच्या चार गोष्टी टेबलावर आणायच्या असतात: कोमट पाणी, थंड गाळ, बुडबुडे आणि पाळीवरून ओरडणारा माणूस. यातली एकही नसेल, तर सरडेमानव आणि हिरवं धुकं कितीही ओता, ती जागा लक्षात राहत नाही.

अशा खेळांतला सगळ्यात प्रसिद्ध, डंजन्स अँड ड्रॅगन्स, १९७४ साली आला. तेव्हापासून या छंदात दलदलीचा एक ठरलेला साचा तयार झाला आहे: काळा ड्रॅगन, चेटकीण, बेडूकमाणसं, आणि 'अवघड जमीन' असल्यामुळे अर्धा वेग. मीही सुरुवातीला तोच वापरला. पहिल्या सेशनला, म्हणजे खेळाच्या बैठकीला, मी दर पन्नास पावलांमागे फासा टाकायला लावला, "रुतलात का बघा" म्हणून. तासाभरात पोरं कंटाळली. चूक साधी होती. मी दलदलीचा त्रास दाखवत होते, पण दलदलीत निवड करण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. खाली मी आता जसं करते तसं टप्प्याटप्प्यानं मांडते. नियमांचे दाखले डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे आहेत, पण बहुतेक गोष्टी कुठल्याही खेळात चालतील.

पायरी १: पाणी इथं का थांबलं, ते ठरवा

नकाशा काढण्याआधी एक वाक्य लिहा: "इथलं पाणी थांबलं, कारण…" पुढची सगळी दलदल या वाक्यातून निघते.

निसर्गात याची उत्तरं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाची दलदल निराळी दिसते. नदीच्या पुराचं पाणी झाडांत शिरून राहिलं तर खोडं पाण्यात उभी असलेली, अंधारी दलदल होते. उथळ सपाट जागी गवत आणि पाणकणीस माजलं तर उघडी पाणथळ होते, जिथं आभाळ भरपूर दिसतं पण चार हातांपलीकडचा माणूस दिसत नाही. समुद्राजवळ खारफुटी असते, तिथं दिवसातून दोनदा नकाशा बदलतो. आणि थंड देशांत शेवाळ थरावर थर साचून पीटची दलदल होते.

पीटबद्दल थोडं थांबून सांगते, कारण तिच्यात गोष्ट दडलेली आहे. तिथलं पाणी आम्लयुक्त असतं, थंडी असते, प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून मेलेलं शरीर कुजत नाही. डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट खणताना एक माणूस सापडला. डोक्यावर कातडी टोपी, हनुवटीवर दाढीचे खुंट, गळ्यात फास. लोकांना वाटलं, हल्लीचाच खून असावा. तो दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा निघाला. टोलंड मॅन म्हणून तो ओळखला जातो. तुमच्या खेळातला मांत्रिक मेलेल्याशी बोलू शकत असेल, तर अशी दलदल म्हणजे साक्षीदारांनी भरलेलं कोठार आहे. मात्र आपल्याकडच्या उन्हातल्या तलावात हे होत नाही, तिथं सगळं दोन दिवसांत सडतं. तेव्हा कुठली दलदल हे आधी ठरवा, दोन्ही एकत्र कालवू नका.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडतं ते यांतलं एकही उत्तर नाही, तर आमच्या दाराशी असलेलं: माणसानं पाणी अडवलं, आणि मग त्याकडे बघायचं सोडून दिलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी धानासाठी ते बांधले. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे, होते. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि ते सरकारकडे आले. तेव्हापासून ते माजी मालगुजारी, म्हणून 'मामा तलाव'. ज्यांची निगा राहिली ते अजून तलाव आहेत. ज्यांत गाळ भरला आणि ज्यांचं तुडुम, म्हणजे पाळीखालून बांध्यांना (धानाच्या शेतांना) पाणी सोडायची मोरी, बुजलं, त्यांचे काठ हळूहळू दलदल झाले.

साहसासाठी हे सोनं आहे. कारण अशा दलदलीला बांधणारा असतो, कारण असतं, बुजलेलं दार असतं, आणि ते दार उघडता येतं. खेळाडूंना केवळ पार करून जायची दलदल नको असते, जिच्याशी काहीतरी करता येईल अशी हवी असते. तुमच्या जगात ती पाळ राक्षसांनी बांधली असेल, बुडालेल्या राणीनं बांधली असेल. पण कोणीतरी बांधलेली असू द्या.

पायरी २: पाण्याला हलू द्या

टेबलाच्या मधोमध मी पाच फोडलेले चिंचोके एका रांगेत ठेवते. एक सरळ, बाकी उलटे. सरळ चिंचोके म्हणजे पाणी कुठवर आलं: घोटा, गुडघा, कंबर, छाती, डोकं. हीच माझी दलदलीची सगळी यंत्रणा.

घोट्याएवढ्या पाण्यात नियम बदलत नाहीत, फक्त पावलांचा आवाज होतो, लपून जाणं अवघड. गुडघ्याला अर्धा वेग. कंबरेला आलं की बुटके आणि छोट्या चणीचे लोक पोहायला लागतात किंवा कोणाच्या तरी खांद्यावर बसतात, आणि पाठीवरच्या सामानातलं कागद-पीठ भिजतं. छातीला ढाल आणि धनुष्य निरुपयोगी, मशाल एका हातानं वर धरावीच लागते. डोक्यावरून गेलं की चिलखत काढायचं की बुडायचं, एवढंच.

दर प्रहराला, म्हणजे खेळातल्या साधारण तीन तासांनी, एक सहा बाजूंचा फासा. १ आला तर पाणी एक टप्पा उतरतं, ५ किंवा ६ आला तर चढतं. पाऊस चालू असेल तर ४ लाही चढतं. फासा खेळाडूंच्या हातानं टाकून घ्या. चिंचोका उलटताना सगळे श्वास रोखून बघतात, आणि त्या क्षणी कुठल्याही राक्षसाची गरज नसते.

कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, लांबची असेल तर खेळाडूंना याच जागी तीनदा आणा. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत आषाढात बोडीला जाताना बांध्यांच्या धुऱ्यांवरून तोल सांभाळत जावं लागतं, सगळीकडे पाणी. दिवाळीला पाणी स्थिर, वर कमळं आणि शिंगाड्याचे वेल, डोंगा ढकलताना वेल सोडवत बसावं लागतं. वैशाखात मधोमध एक डबकं उरतं, बाकी भेगाळलेली ढेकळं, आणि पावसाळ्यात जे बुडालं होतं ते सगळं उघडं. पहिल्या फेरीत पार्टीनं, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीनं, ज्याच्यावरून डोंग्यानं वल्हवत नेलं, त्याच देवळाच्या पायऱ्या तिसऱ्या फेरीत तिच्या पायाखाली येऊ द्या. तुम्हाला नवा नकाशा काढावा लागत नाही, आणि खेळाडूंना मात्र जागा ओळखीची झाल्याचा आनंद मिळतो.

पायरी ३: जमिनीला वाचता येईल असं करा

दलदलीत फसवणूक हवी, पण तिच्या खुणा आधी दिसलेल्या असाव्यात. खुणा न देता माणूस बुडवला तर तो खेळाडूवर अन्याय आहे, हे माझं ठाम मत आहे.

खुणा बाहेर शोधायला जाऊ नका, पक्ष्यांकडे बघा. महाराष्ट्रात सारस मुख्यतः गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर याच भागात उरले आहेत. माणसाएवढा उंच पक्षी, जोडीनं राहतो, उथळ पाण्यात गवत-काड्या रचून घरटं करतो. सारस स्थिर उभा आहे, याचा अर्थ तिथं खाली टेकायला जमीन आहे आणि पाणी त्याच्या लांब पायांपेक्षा कमी आहे. याच्या उलट कमळपक्षी. त्याची बोटं इतकी लांब असतात की तो कमळाच्या पानांवरून चालत जातो. पानाखाली पुरुषभर पाणी असलं तरी त्याला फरक पडत नाही.

आता हे दोन्ही खेळात ठेवा. पहिल्या प्रसंगात खेळाडूंना सारसाची खूण उमगू द्या, कोणा गावकऱ्याच्या तोंडून किंवा स्वतःहून. दोन प्रसंगांनंतर सांगा: "समोर हिरवा गालिचा पसरलाय, त्यावरून एक छोटा पक्षी टुणटुण चालतोय." ज्याला वाटेल 'पक्षी चालतोय म्हणजे जमीन आहे', तो पाय टाकेल. जो विचारेल "पक्षी कसा आहे? पाय कसे आहेत?", त्याला खरं उत्तर द्या. माझ्या भाच्यानं तिसऱ्या सेशनला हा प्रश्न विचारला तेव्हा मला जे समाधान मिळालं, ते कुठल्याही मोठ्या लढाईत मिळालं नव्हतं.

आणखी काही खुणा: एका ओळीत उभी झाडं म्हणजे खाली जुनी पाळ. पाण्यात एकाच जागी सतत बुडबुडे म्हणजे खोल, सडका गाळ. पाण्यावर तरंगणारा पालापाचोळा हळूच एका दिशेला सरकतोय म्हणजे कुठेतरी वाट आहे. तीन-चार खुणा पुरतात. जास्त दिल्या तर लक्षात राहत नाहीत.

पायरी ४: रुतण्याचा प्रसंग

आधी एक गैरसमज काढून टाकू. माणूस पाणी-वाळूच्या किंवा गाळाच्या रगाड्यात डोक्यापर्यंत गिळला जात नाही. आपलं शरीर त्या रगाड्यापेक्षा हलकं असतं, ते कंबरेच्या आसपास थांबतं. मरण येतं ते अडकून पडल्यामुळे: पाणी चढतं, ऊन लागतं, दमून माणूस आडवा होतो, किंवा दुसरं कोणी येऊन पोचतं. हे सत्य खेळाला जास्त चांगलं आहे, कारण 'तीन फेऱ्यांत मेलास' यापेक्षा 'तू इथंच आहेस आणि पाणी वाढतंय' हे जास्त वेळ टिकतं.

रुतण्याचा प्रसंग मी असा चालवते. पाय गुडघ्यापर्यंत गेला, की खेळाडूला विचारते, "काय करतोस?" फासा नंतर. "जोरात ओढतो" म्हणाला तर पाय सुटतो पण बूट जातो, आणि दुसरा पाय आत. "हलवून सैल करतो" म्हणाला तर एक मिनिट जातो आणि तो मोकळा, फासा नाहीच. ज्यानं योग्य गोष्ट केली त्याला फाशावर सोडायचं नाही. कंबरेपर्यंत गेलेल्याला एकट्यानं निघणं कठीण, पण मागे रेलून, वजन पसरून, पाय सावकाश फिरवत सुटता येतं. त्याला ताकदीचा १५ चा आकडा ठेवा (वीस बाजूंच्या फाशात ताकदीची भर घालून निदान तेवढे यायला हवेत), आणि मदतीला कोणी काठी, दोर, ढाल, झोपडीची ताटी आडवी टाकली तर १० वर आणा. चिलखतवाल्याला चिलखत सोडून यायचा पर्याय द्या. आमच्या खेळात एका पोरानं वडिलोपार्जित साखळी-चिलखत गाळात सोडलं. ते परत मिळवणं हीच मग पुढच्या दोन सेशनची गोष्ट झाली.

असा प्रसंग एका साहसात एकदाच, फार तर दोनदा. बाकीचा रस्ता एका ओळीत संपवा.

पायरी ५: कोरडी जागा महाग करा

पाचव्या आवृत्तीत साध्या चालीनं दिवसाला २४ मैल होतात, अवघड जमिनीत १२. तो हिशेब ठीक आहे, पण खरा प्रश्न झोपायचं कुठं हा. दीर्घ विश्रांतीला, जिच्यानं पात्राची शक्ती परत भरते, ८ तास लागतात, आणि ओल्यात ८ तास झोप होत नाही. माझा नियम: कोरडी जागा आणि विस्तव नसेल तर दीर्घ विश्रांती मोजायची नाही, आणि दुसऱ्या रात्रीनंतर थकव्याची एक पातळी चढते. अशा सहा पातळ्या असतात, सहावीला मृत्यू. म्हणून नकाशावर कोरड्या जागा मोजून चार ठेवा, आणि प्रत्येक जागा कोणाच्या तरी ताब्यात असू द्या. खेळाडू लढाईपेक्षा एका मचाणासाठी जास्त जीव तोडून भांडतात.

पायरी ६: इथं कोण जगतं?

ही पायरी वगळली तर बाकीच्या पायऱ्या कितीही नीट करा, दलदल पोकळ राहते. खेळांमध्ये दलदलीतली माणसं बहुधा वेडी, चेटूक करणारी किंवा मागासलेली दाखवतात. मी पाळीवरच्या गावात वाढले, मला ते सहन होत नाही. पाण्यात राहणारा माणूस तुमच्या पार्टीतल्या कुठल्याही शूरवीरापेक्षा त्या जागेबद्दल जास्त शहाणा असतो, आणि खेळानं ते दाखवावं.

आमच्याकडे ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या तलावावर जगतो. कुठला मासा कुठल्या महिन्यात कुठल्या काठाला येतो, शिंगाडा कधी लावायचा आणि कधी तोडायचा, देवधान, म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारं रानटी धान, कुठं मिळतं, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. गोंदिया-भंडाऱ्याकडे याच समाजातल्या बायकांनी तलावात माजलेली बेशरम नावाची झुडपं उपटून मूळच्या पाणवनस्पती परत लावायचं काम केलं आहे. तुमच्या दलदलीत एक असा बायकांचा गट ठेवा. त्यांना वाटाड्या म्हणून आणू नका, ज्यांच्या परवानगीशिवाय पाण्यात उतरता येत नाही अशा मालकिणी म्हणून आणा.

जगात इतरत्रही बघण्यासारखं खूप आहे. मणिपूरच्या लोकताक तलावावर फुमडी नावाची तरंगती बेटं असतात. वनस्पती, मुळं आणि मातीचा जाड थर पाण्यावर तरंगतो, त्यावर लोक झोपड्या बांधतात, आणि संगाई हरीण त्यावरच चरतं. १९८३ मध्ये इथाईचा बंधारा होण्याआधी कोरड्या दिवसांत पाणी उतरलं की ही बेटं तळाला टेकत, मुळं तळातून पोषण घेत, आणि पावसाळ्यात ती पुन्हा वर येत. दक्षिण इराकच्या पाणथळीत लोक वेतासारख्या बोरूच्या जुड्या वाकवून कमानीची मोठी घरं उभारतात, खिळा न वापरता. १९९० च्या दशकात त्या पाणथळी सत्ताधाऱ्यांनी बंडखोरांना आसरा मिळू नये म्हणून मुद्दाम सुकवल्या, आणि २००३ नंतर लोकांनी बांध फोडून पाणी परत आणलं. खलनायक दलदलीत राहणारा असायलाच हवा असं नाही. दलदल सुकवायला निघालेला राजा हा जास्त खरा खलनायक आहे.

तीन बाजू उभ्या करा, आणि तिघींनाही पाण्याकडून वेगळं काहीतरी हवं असू द्या. आमच्याकडे हा ताण दरवर्षी असतो: खालच्या बांध्यांतल्या धानाला पाणी सोडायचं, तर तलावातले मासे आणि शिंगाडा धोक्यात. पाणी राखायचं, तर धान करपतं. दोन्हीकडे घरं आहेत, दोन्हीकडे पोरं आहेत. याहून चांगलं कथानक मला अजून सुचलेलं नाही.

पायरी ७: आता राक्षस

राक्षसांच्या यादीतून मगर-ड्रॅगन घेऊ शकता. पण तुमच्याच तलावाकडे बघून घडवलेला एक जीव त्या यादीतल्या दहांना भारी पडतो. माझे तीन सांगते.

बेशरम. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झुडूप, जांभळट-गुलाबी फुलं येतात, जनावरं तोंड लावत नाहीत, आणि तोडून टाकलेली फांदी चिखलात पडली की तिथंच मूळ धरते. नाव उगाच पडलेलं नाही. खेळात मी तिला चालणारं झुडूप केलं. तलवारीचा वार लागला की तुटलेला तुकडा पुढच्या फेरीत स्वतंत्र झुडूप होतो, अर्ध्या ताकदीचा. शूरवीर जितके वार करतील तितकी संख्या वाढते. हरवायचं कसं? मुळासकट उपटून कोरड्या पाळीवर टाकायचं. हे पोरांना फाशानं कळलं नाही, त्या मालकिणींपैकी एका आजीनं सांगितलं तेव्हा कळलं.

मरळ. ही मासळी हवेतून श्वास घेऊ शकते, म्हणून आटलेल्या तलावाच्या ओल्या गाळातही जिवंत राहते. तिची पिल्लं लालसर रंगाची, झुंडीनं पृष्ठभागाजवळ पोहतात, आणि आई-बाप खालून राखण करतात. म्हणून खेळात आधी फक्त सुंदर दृश्य द्या: पाण्यावर तांबूस वर्तुळ थरथरतंय, जणू कुंकू सांडलंय. कोणीतरी हात घालेलच. ती बैलाएवढी मरळ राक्षस नाही, आई आहे. पिल्लांपासून दूर सरकलं की ती थांबते. जी लढाई मागे हटून जिंकता येते, ती पोरांच्या लक्षात राहते.

चकवा. आमच्याकडे रात्री पाळीनं येताना माणूस फिरून-फिरून त्याच जागी येतो, त्याला चकवा लागला म्हणतात. आजी सांगायची, अशा वेळी चालायचं थांबायचं, खाली बसायचं आणि उजाडू द्यायचं. खेळात याला मॉन्स्टरचे आकडे देऊ नका. एक परिच्छेद लिहून ठेवा: वाकडं अर्जुनाचं झाड, त्याची पांढुरकी साल, बुंध्याशी फुटका माठ. खेळाडू तिथून पुढे गेले की चाळीस मिनिटांनी तोच परिच्छेद शब्दन्‌शब्द वाचा. फक्त माठात आता पाणी आहे. तिसऱ्यांदा वाचाल तेव्हा माठ भरून वाहतोय. काहीही समजावू नका. टेबलाभोवती जी शांतता पसरते, ती विकत मिळत नाही.

दूरवर हलणारे दिवे हवे असतील तर आग्या वेताळ आहेच. सोबत एक खरी गोष्ट जोडा: गाळातून वर येणाऱ्या बुडबुड्यांत मिथेन असतो आणि तो पेटतो. इटलीत व्होल्टानं १७७६ साली माज्जोरे सरोवराच्या काठच्या पाणथळीतून हा वायू गोळा केला होता. तुमच्या किमयागाराला पाण्यानं भरलेली बाटली उलटी धरून काठीनं गाळ ढवळू द्या. एका तासात एक स्फोटक बाटली. मशाल खाली धरून चालणाऱ्यालाही याची आठवण राहू द्या.

तापाचंही असंच. 'मलेरिया' या इटालियन शब्दाचा मूळ अर्थच 'वाईट हवा'. लोक शतकानुशतकं दलदलीच्या वासाला दोष देत होते. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसनं डासाच्या पोटात त्याचे जंतू पाहिले. खेळातल्या गावात सगळे वासाला घाबरून खिडक्या बंद करतात आणि उघड्या रांजणात पाणी साठवतात. दोष कशात आहे हे खेळाडूंनी शोधून काढलं, तर अनुभवाचे गुण द्या, राक्षस मारल्याइतकेच.

बोलताना

दलदलीचं वर्णन डोळ्यांनी सुरू करू नका. आधी पाय, मग नाक, मग कान, डोळे शेवटी. प्रत्येक ठिकाणी दोनच तपशील. आमच्याकडे संध्याकाळी लाइट जाते, तेव्हा मी सेशन थांबवत नाही, कंदील आणते. बाहेर बेडूक ओरडत असले तर मध्येच गप्प बसते. मग म्हणते, "बेडूक थांबले." खरे बेडूक ओरडतच असतात, पण सगळे दाराकडे बघतात.

एक साहस, जसंच्या तसं उचलता येईल असं

नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला असं सांगतात. भोवतालच्या सात शिखरांना सातबहिणी म्हणतात, आणि पाळ बांधायला देवतांनी मदत केली अशी श्रद्धा आहे. त्यावरून मला हे सुचलं, पण गाव आणि गोष्ट सगळी रचलेली.

पाळीवर सहा शेंदरी दगड आहेत. सातव्याची जागा रिकामी. पाऊस लांबला आहे, खालचं धान दहा दिवसांत करपणार. तुडुम बुजलेलं, काठ दलदलीनं भरलेले. तुडुमाला एकाखाली एक तीन भोकं, वरच्या दोघांना लाकडी खुंटे. तिसऱ्याबद्दल कोणी बोलत नाही. गावचे पाटील पार्टीला तिन्ही उघडायला पैसे देऊ करतात. तलावावरच्या बायका म्हणतात, एकही नको. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी म्हणते, "वरचे दोन काढा बापू. तिसऱ्याले हात लावू नोका. ते लाकूड नाही."

पहिला खुंटा काढायला बेशरमीतून जावं लागतं. दुसरा मरळीच्या पिल्लांजवळ आहे. दोन उघडले तर अर्धं धान वाचतं, मासेही राहतात, आणि दोन्ही गट पार्टीवर नाराज. तिसरा, पाण्याखाली पुरुषभर खोल, म्हणजे सातवी बहीण, दगडाच्या रूपात भोक धरून बसलेली. ती हलली तर पाणी एका रात्रीत निघून जातं. तेव्हा चिंचोके एकेक करून उलटे करा, घाई न करता, आणि खालच्या गावात कोण झोपलं आहे ते मोठ्यानं सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलाव नाही, नुसता चकाकणारा गाळ. बगळे उतरलेत. पोरं टोपल्या घेऊन मासे वेचायला धावलीत. त्यातल्या एकाच्या टाचेला खाली काहीतरी गुळगुळीत लागतं. तो वाकून दोन्ही हातांनी गाळ बाजूला करतो. दगडावरचा शेंदूर अजून ओला आहे. इथं वही मिटा आणि पुढच्या रविवारची वेळ ठरवा.